साताऱ्याच्या दरबारातील पेशवे-प्रतिनिधी स्पर्धा : पार्श्वभूमी

१७ एप्रिल १७२० रोजी कराडजवळच्या मसूर मुक्कामी शाहू छत्रपतींनी बाजीराव बल्लाळ यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा बाजीरावांनी वयाची वीस वर्षेही पुरी केली नव्हती आणि त्यांचे वडील बाळाजी विश्वनाथ यांना जाऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता. राज्यातल्या जुन्या मानकऱ्यांना ही नेमणूक रुचली नाही. पेशवेपद कोणाच्या घराण्याचे वतन नव्हते, बाळाजींच्या आधी ते पिंगळ्यांकडे होते, आणि केवळ वडिलांच्या सेवेची बक्षिसी म्हणून एवढे मोठे पद एका तरुणाच्या हाती द्यावे काय, हा प्रश्न वाजवी होता. तो सर्वांत ठामपणे ज्यांनी धरून ठेवला ते श्रीपतराव परशुराम, म्हणजे छत्रपतींच्या नावाने निर्णय घेणारे ‘प्रतिनिधी’, पुढची वीस वर्षे बाजीरावांचे दरबारातले प्रमुख प्रतिस्पर्धी राहिले.

या स्पर्धेची हकिकत बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते : एकीकडे उत्तरेकडे झेप घेऊ पाहणारा तडफदार पेशवा आणि दुसरीकडे त्याचा पाय ओढणारा, घाबरट, मत्सरी प्रतिनिधी. स्वभावांतला फरक खराच होता. परंतु या दोघांच्या मागे दोन पदे होती, त्या पदांच्या अधिकारांची हद्द कोणी स्पष्ट आखून दिलेली नव्हती, आणि १७१९ नंतर त्या पदांना वसुलीचे वेगवेगळे मुलूख नेमून दिले गेले होते. माणसे बदलली असती तरी ही ओढाताण टळली असती, असे वाटत नाही.

प्रतिनिधीपद शिवकालीन अष्टप्रधानांत नव्हते. मोगलांच्या वेढ्यात सापडलेल्या जिंजीत राजाराम महाराजांनी प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ते निर्माण केले. राजा दूर, राज्य विखुरलेले आणि प्रत्येक निर्णयासाठी त्याची आज्ञा येण्याची वाट पाहणे अशक्य, अशा स्थितीत छत्रपतींच्या नावाने निर्णय घेऊ शकणारा कोणीतरी हवा होता. अडचणीच्या काळातली ही सोय पुढे मोडीत निघाली नाही. दरबारात प्रतिनिधीचे स्थान पेशव्याच्या वर राहिले आणि वार्षिक नेमणूकही अधिक ठरली, म्हणजे प्रतिनिधीस १५,००० होन (सोन्याची नाणी) आणि पेशव्यास १३,००० होन. शिवछत्रपतींच्या वेळी जो मुख्य प्रधान होता, तो अशा रीतीने कागदोपत्री दुसऱ्या क्रमांकावर आला होता.

श्रीपतरावांचे वडील परशुराम त्र्यंबक हे किन्हईचे. मोगलांशी झालेल्या दीर्घ लढ्यात त्यांनी किल्ल्यांमागून किल्ले लढवले होते. १७०७ मध्ये शाहू सुटून आले तेव्हा परशुरामपंत राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले आणि साताऱ्याचा किल्ला त्यांनी सुखासुखी खाली केला नाही. शाहूंनी त्यांना कैदेत घातले, पुढे सोडले आणि कालांतराने प्रतिनिधीपदही परत दिले. थोरले चिरंजीव कृष्णाजी शाहूंशी स्पर्धा करणाऱ्या कोल्हापूरच्या गादीकडे गेले आणि विशाळगडचे प्रतिनिधी झाले, तर १७१८ मध्ये परशुरामपंत वारल्यावर साताऱ्याची वस्त्रे धाकट्या श्रीपतरावांना मिळाली. त्यामुळे एकाच घरचे दोन भाऊ दोन छत्रपतींचे प्रतिनिधी, असा प्रकार झाला. कोल्हापूरशी समेट करावा, दक्षिणेतली घडी आधी नीट बसवावी, या श्रीपतरावांच्या आग्रहाला हा घरगुती संदर्भही होता.

स्वतः शाहू छत्रपतींचा विचार केल्याखेरीज मात्र यातले काहीच नीट उलगडत नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा मातोश्री येसूबाईंसह ते कैद झाले. त्या वेळी त्यांचे वय सात वर्षांचे होते. बालपण आणि तारुण्य त्यांनी औरंगजेबाच्या छावणीत घालवले आणि सतरा वर्षांहून अधिक काळानंतर ते बाहेर पडले. मोगल तख्ताविषयी त्यांच्या मनात राहिलेला आदर, माणसे तोडण्यापेक्षा जोडून ठेवण्याची वृत्ती आणि भांडणे मिटवण्याचा सोस हे सारे त्या दिवसांतून आले असावे. १२ जानेवारी १७०८ रोजी राज्याभिषेक झाला तरी त्यांच्यापाशी स्वतःची मोठी फौज नव्हती. जे सरदार त्यांच्याकडे आले ते आपापले बळ घेऊन आले, आणि ते नाखूष झाले तर परत जायला कोल्हापूरचा, पुढे दख्खनचा मोगल सुभेदार निजाम याचाही, दरवाजा उघडाच होता. अशा राजाने दोन प्रबळ मंत्र्यांपैकी एकाला पुरते खाली बसू देणे शहाणपणाचे नव्हते. शाहूंनी ते होऊ दिले नाही, याला पुष्कळदा दुर्बळपणा म्हटले गेले. मला त्यात बराच हिशेब दिसतो.

माणसे सोडून जाण्याची भीती काल्पनिक नव्हती. बाळाजी विश्वनाथ अजून पेशवे झाले नव्हते, तेव्हाच सेनापती चंद्रसेन जाधवाशी त्यांचे बिनसले. मूळ दुखणे सेनापतीच्या फौजेच्या हिशेबावर बाळाजींची नजर असण्याचे होते, पण निमित्त झाले शिकारीतल्या एका हरणाचे. चंद्रसेनाने पाठलाग केला, बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले, आणि बाळाजींना माझ्या हवाली करा अशी मागणी सेनापतीने थेट छत्रपतींकडे केली. शाहूंनी ती नाकारली. चंद्रसेन ताराबाईंना जाऊन मिळाला आणि तेथून निजामाकडे गेला. दोन सेवकांच्या कलहात एकाची बाजू घेतली की दुसरा शत्रूच्या छावणीत दिसतो, हा धडा शाहूंना कारकिर्दीच्या आरंभीच मिळाला होता.

पुढे १७ नोव्हेंबर १७१३ रोजी बाळाजी पेशवे झाले. आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांना त्यांनी तलवार न उपसता शाहूंच्या बाजूला वळवले, आणि १७१८-१९ मध्ये मोगलांचा तेव्हाचा दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याबरोबर दिल्लीला जाऊन स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा आणि त्यावर सरदेशमुखीचे शेकडा दहा, असा तो हक्क होता. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात वसूल कोणी आणि कोठून करायचा, यासाठी जी वाटणी झाली तिच्यातच पुढच्या वादाचे मूळ आहे.

चौथाईतून शेकडा पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, शेकडा सहा सहोत्रा म्हणून पंत सचिवांकडे आणि शेकडा तीन नाडगौडा म्हणून महाराजांच्या मर्जीतल्यांकडे जावयाचे होते. उरलेले सहासष्ट टक्के ऐन मोकासा म्हणून सरदारांना फौजेच्या खर्चासाठी मिळत. मुलूखही वाटून दिले गेले. पेशव्यांकडे खानदेश आणि बालाघाटाचा काही भाग आला, आणि माळवाही त्यांच्याच वाट्याला गेला. सेनापतीकडे बागलाण व गुजरात, कान्होजी भोसल्यांकडे वऱ्हाड-गोंडवन, फत्तेसिंह भोसल्यांकडे कर्नाटक, आणि प्रतिनिधींकडे नीरा ते वारणा हा जुना मुलूख व त्याखेरीज हैदराबाद आणि बेदर प्रांतांची वसुली, अशी साधारण मांडणी होती. नकाशा समोर ठेवला की पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पेशव्याचे उत्पन्न उत्तरेकडे पाऊल टाकल्याने वाढणार होते, तर प्रतिनिधीचे उत्पन्न दक्षिणेत शांतता राहिल्याने आणि हैदराबादशी सलोखा राखल्याने सुरक्षित राहणार होते. छत्रपतींची फौज आणि छत्रपतींची आज्ञा कोणत्या दिशेला वळते, यावर दोघांचेही पोट अवलंबून होते.

बाजीराव आणि श्रीपतराव यांच्यात शाहूंसमोर झालेला प्रसिद्ध वाद या चौकटीत वाचला पाहिजे. पुढच्या काळातल्या बखरींतून आणि त्यांच्या आधाराने लिहिलेल्या इतिहासांतून तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे. प्रतिनिधींनी म्हटले की घर अजून सावरलेले नाही, कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी आहे, कर्नाटकात शिवछत्रपतींनी मिळवलेले ठाणे परत घ्यायचे आहे, खजिन्यात पैसा नाही, तेव्हा आधी दक्षिण पक्की करावी. बाजीरावांनी म्हटले की मोगल सत्तेचे जीर्ण खोडच तोडले म्हणजे फांद्या आपोआप गळून पडतील. शाहू प्रसन्न झाले आणि झेंडा हिमालयापार रोवावा असा आशीर्वाद दिला, असे ही कथा सांगते. शब्द इतके घोटीव आहेत की ते कोणी त्या बैठकीत टिपून घेतले असतील यावर विश्वास बसत नाही. दोन मतांचा आशय मात्र दोघांच्या प्रत्यक्ष वागणुकीशी जुळतो, आणि प्रतिनिधींचे म्हणणे आजच्या वाचकाने हसण्यावारी न्यावे इतके पोकळ नव्हते. एकदा का फौजा नर्मदेपार गेल्या की घराच्या अंगणातला निजाम मोकळा सुटतो, ही त्यांची भीती लवकरच खरी ठरली. फरक इतकाच की निजाम मोकळा सुटला तो फौजा उत्तरेत असताना नव्हे, तर प्रतिनिधींच्या आवडत्या कर्नाटकात असताना.

१७२५ ते १७२७ या काळात कर्नाटकात दोन मोहिमा झाल्या. नेतृत्व फत्तेसिंह भोसल्यांकडे होते, आणि प्रतिनिधी व पेशवे दोघेही बरोबर होते. दुसरी मोहीम श्रीरंगपट्टणपर्यंत गेली, पण रोगराईने माणसांची फार हानी झाली. इकडे निजामुल्मुल्काने ही संधी साधून चौथाईची वसुली अडवली. त्याची युक्ती मोठी धूर्त होती. खरे छत्रपती साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी (राजाराम महाराजांचे पुत्र), हे आधी ठरू द्या, तोवर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, असा त्याचा सवाल होता. त्याच सुमारास हैदराबादेभोवतालच्या चौथाई-सरदेशमुखीच्या बदल्यात इंदापूरकडचा मुलूख आणि रोख रक्कम घ्यावी, असा एक तोडगाही त्याने पुढे केला. वसुलीचा तो प्रांत प्रतिनिधींकडचा होता, आणि त्यांना वऱ्हाडात जहागीर देण्याचेही बोलणे झाले होते. श्रीपतराव तोडग्याला अनुकूल झाले. त्यात केवळ लोभ पाहण्याचे कारण नाही, कारण दरवर्षी भांडून वसूल करावयाच्या हक्कापेक्षा हातातला मुलूख बरा, हा विचार कोणत्याही सावध कारभाऱ्याला सुचला असता. पण निजामाच्या मुलखात मराठ्यांचे कमावीसदार (वसुली अधिकारी) असणे हीच त्याच्या सार्वभौमत्वाला बसलेली खीळ होती, आणि ती काढून घेणे हाच त्याचा हेतू आहे, हे बाजीरावांनी नेमके ओळखले.

आपल्या गादीचा निवाडा मोगलांचा सुभेदार करणार, ही कल्पनाच शाहूंना असह्य झाली. येथे पारडे फिरले. १७२७ च्या पावसाळ्यानंतर युद्ध पेटले. निजामाने पुण्यात शिरून संभाजींची द्वाही (सत्तेची घोषणा) फिरवली, शाहूंना सुरक्षिततेसाठी पुरंदरावर नेण्यात आले, आणि बाजीरावांनी निजामाला पुण्यात गाठण्याऐवजी त्याच्याच मुलखात धूळधाण उडवून त्याला मागे ओढले. २५ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडलेला निजाम तहाला आला, आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगाव येथे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क त्याला मान्य करावे लागले. हैदराबादशी सलोख्याचे धोरण त्यानंतर दरबारात उघडपणे मांडणे अवघड झाले. याच वर्षाच्या अखेरीस माळव्यात आमझेरा येथे बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पांनी मोगलांचे सरदार गिरधर बहादूर व दया बहादूर यांना मारले, आणि उत्तरेचा प्रश्न वादाच्या पलीकडे गेला.

प्रतिनिधी यामुळे संपले, असे समजणे चूक होईल. १७३० मध्ये वारणेच्या काठी संभाजी आणि उदाजी चव्हाण यांच्या छावणीवर छापा घालून श्रीपतरावांनी त्यांचा मोठा पराभव केला. ताराबाई आणि संभाजींच्या राणी जिजाबाई त्यांच्या हाती लागल्या. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन गाद्यांमधला जवळजवळ पाव शतकाचा कलह मिटला, आणि याचे श्रेय प्रतिनिधींचे होते. बाजीरावांनी निजामाचे हत्यार बोथट केले होते, तर श्रीपतरावांनी ते त्याच्या हातून काढूनच घेतले. दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक असताना दोन्ही घराण्यांत त्या चढाओढीच्या म्हणून मोजल्या गेल्या, हे दरबारी राजकारणाचे नेहमीचे दुर्दैव.

त्याच एप्रिलच्या १ तारखेला डभईजवळ गुजरातच्या चौथाईवरून पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात लढाई जुंपली होती आणि तीत त्र्यंबकराव पडले. छत्रपतींच्या एका प्रधानाने छत्रपतींच्याच सेनापतीला रणात मारले, आणि तरीही राज्य फुटले नाही, याला शाहूंचे वैयक्तिक वजन कारण होते. उमाबाई दाभाड्यांची समजूत त्यांनी जातीने काढली आणि सेनापतिपद यशवंतराव दाभाड्यांना देऊन ते त्याच घराण्यात ठेवले. परंतु लष्करी बळाच्या हिशेबात पेशव्यांचा एक मोठा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला होता, ही गोष्ट साताऱ्यात कोणाच्या ध्यानातून सुटली नसेल.

स्पर्धेचे खरे नुकसान दिसले ते जंजिऱ्याच्या मोहिमेत. १७३३ च्या आरंभी सिद्दी रसूल याकूतखान मेला आणि त्याच्या घरात वारसाहक्काचा तंटा सुरू झाला. संधी उत्तम होती. शाहूंनी बाजीराव आणि फत्तेसिंह यांना कोकणात धाडले, कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे यांनी समुद्राकडून यावयाचे ठरले, आणि मे महिन्यात बाजीराव राजपुरीला पोहोचले. मोहिमेचे सर्व धागे त्यांच्या हाती असावेत अशी अपेक्षा होती. तेवढ्यात प्रतिनिधींच्या माणसांनी सिद्दीच्या ताब्यातल्या रायगडच्या शिबंदीशी (किल्ल्यावरच्या फौजेशी) परस्पर संधान बांधले आणि ८ जून १७३३ रोजी किल्ला घेतला.

रायगड परत आला म्हणजे शाहूंच्या दृष्टीने काय झाले असेल, याची कल्पना करता येते. ज्या किल्ल्यावरून सात वर्षांचे असताना ते कैदेत गेले होते, तो त्यांना श्रीपतरावांनी परत मिळवून दिला. बाजीराव संतापले. आपल्याला न कळवता, आपल्याच मोहिमेच्या मध्यावर, सर्वांत मानाचे ठाणे दुसऱ्याने पदरात पाडून घ्यावे हा त्यांना उघड अपमान वाटला, आणि पुढच्या डावांची घडीही त्याने विस्कटली. त्यानंतर दोघांच्या फौजा एका मोहिमेत असूनही दोन मोहिमा चालवत राहिल्या. चिपळूणकडे उतरलेल्या प्रतिनिधींना गोवळकोट व अंजनवेल घेता आले नाही, आणि राजपुरीसमोर पावसात अडकलेल्या बाजीरावांना साताऱ्याहून पुरेसा पैसा आणि माणूसबळ मिळाले नाही. मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला हात दिला. ऑगस्टअखेर सेखोजी आंग्रे वारले आणि आंग्र्यांच्या घरातही भाऊबंदकी उभी राहिली. डिसेंबरात बाजीरावांनी तडजोड करून पाय काढता घेतला. रायगड छत्रपतींकडे राहिला, पण जंजिरा तेव्हा घेता आला नाही आणि पुढेही कधी आला नाही. शाहूंचा सर्वांना सांभाळून घेण्याचा हिशेब एरवी उपयोगी पडला असला, तरी येथे एक सेनानायक ठामपणे न नेमण्याचा दोष त्यांच्याकडेच जातो.

अखेर या चढाओढीत पेशव्यांचे पारडे जड का झाले, याचे उत्तर केवळ रणांगणावरच्या विजयांत शोधणे पुरेसे नाही. बाजीराव वर्षातले बहुतेक महिने स्वारीवर असत आणि १७३० पासून शनिवारवाड्याचे काम सुरू झाल्यावर त्यांचे ठाणे पुण्यात होते. उलट श्रीपतराव बरेचदा साताऱ्यात, महाराजांच्या निकट. राजाशेजारी बसणाऱ्यालाच राजाचा कान आधी लाभतो, हे बाजीरावांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी दरबारातली आपली जागा कधी रिकामी ठेवली नाही. मुतालिक (दुय्यम कारभारी) अंबाजीपंत पुरंदरे हुजुरात राहून प्रत्येक हालचाल कळवत, चिमाजी अप्पा आवश्यक तेव्हा येऊन बसत, आणि बाजीरावांचे थोरले पुत्र नानासाहेब यांना कोवळ्या वयातच पुरंदऱ्यांच्या देखरेखीखाली साताऱ्यास ठेवले गेले. चिटणीसांच्या घराण्याशी, म्हणजे प्रथम खंडो बल्लाळ आणि पुढे गोविंदराव यांच्याशी, पेशव्यांच्या भट घराण्याने सख्य जपले, आणि आज्ञापत्रे ज्यांच्या लेखणीतून उतरतात त्यांच्याशी सख्य असणे ही लहान गोष्ट नव्हती. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी महाराजांना पूज्य होते आणि बाजीरावांचे गुरू व धनकोही होते. अंतःपुरातल्या विरूबाईंचे मनही पेशव्यांना सांभाळावे लागे. बाजीरावांची स्वामींना लिहिलेली पत्रे वाचली तर दिसते की दिल्लीवर धडक मारणारा हा माणूस सावकारांच्या तगाद्याने किती गांजला होता. मोहिमा कर्जावर चालत, कर्ज नव्या मुलखावर फेडायचे, आणि म्हणून नव्या मोहिमा थांबवता येत नसत. प्रतिनिधींना असे कर्ज नव्हते, तशी धावही नव्हती.

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले तेव्हा पेशवेपद पुन्हा एकदा उघड्यावर आले. या वेळी आव्हान प्रतिनिधींकडून नव्हे तर सावकारीतून आले. बारामतीच्या बाबूजी नाईकांनी, ज्यांच्या भावाशी बाजीरावांच्या भगिनी भिऊबाईंचा विवाह झाला होता, मोठा नजराणा देऊ करून ते पद मागितले, आणि रघूजी भोसल्यांचे पाठबळ त्यांना होते. शाहूंनी २५ जून रोजी वस्त्रे नानासाहेबांनाच दिली. १७४७ च्या आरंभी त्यांनी नानासाहेबांना काही काळ पदावरून दूरही करून पाहिले, पण तोवर कर्जे, फौजा आणि उत्तरेतले सरदार पेशव्यांशी इतके बांधले गेले होते की दुसऱ्या कोणाच्या हातून कारभार चालेना, आणि थोड्याच अवधीत त्यांची फेरनेमणूक झाली. श्रीपतराव त्याआधीच, १७४६ मध्ये, निवर्तले होते. त्यांचे बंधू जगजीवनराव यांच्याकडे पद आले, पण शाहूंशी श्रीपतरावांचा जो दाट स्नेह होता तो वारशाने मिळण्यासारखा नव्हता, आणि प्रतिनिधींचा कारभार हळूहळू मुतालिक यमाजी शिवदेव यांच्या हाती गेला.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू गेले. राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा आणि ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजास गादीवर बसवावे, अशा आशयाच्या त्यांच्या हातच्या दोन याद्या नानासाहेबांपाशी होत्या. राणी सकवारबाईंच्या बाजूने गेलेल्या जगजीवनरावांना पेशव्यांनी लागलीच अटकेत टाकले. पुढल्या वर्षी यमाजी शिवदेवांनी सांगोल्यात बंड उभारले तेव्हा चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन त्यांच्यावर चालून गेले, आणि ठाणे हाती आल्यावर सप्टेंबर १७५० मध्ये तेथेच झालेल्या कराराने राज्यकारभाराचे सर्वाधिकार पेशव्यांकडे आले. प्रतिनिधीपद भवानरावांना मिळाले. ते पद आणि त्याचा मान पुढेही चालू राहिला, परंतु दरबारातली मसलत आता साताऱ्यात नव्हे, पुण्यात होत होती.